बारीक होत गेलेले अक्षर

"हे दोन कागद शेजारी ठेवून बघा," प्रेमलाबाईंनी कागद टेबलावर सरकवले. "हा मागच्या दिवाळीतला. हा परवाचा."

डॉक्टर निरुपमा दवाखान्यात नव्या होत्या. त्यांनी पाहिले. पहिल्या कागदावरचे अक्षर छापल्यासारखे होते. दुसऱ्यावर प्रत्येक ओळ नीट सुरू होई आणि शेवटाला जाईपर्यंत मुंग्यांएवढी बारीक होई.

हात एकच, प्रेमलाबाईंच्या यजमानांचा, लक्ष्मीकांतरावांचा. बडोद्यात रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात बावीस वर्षे ते पुलांच्या नि स्टेशनांच्या नकाशांवर नावे, आकडे लिहीत आले होते. १९७५ साली त्यांना आवाज ऐकू यायला लागले. नकाशा चुकला, पूल पडणार, असे कोणी तरी कानाशी म्हणे. गोळ्यांनी आवाज थांबले, पण माणूस लाकडासारखा झाला. चेहरा हलेना, चालताना हात हलेनात. आधीच्या डॉक्टरांनी, आजार आत खोल गेलाय, म्हणून गोळ्या वाढवल्या होत्या. आज पुन्हा वाढवायच्या होत्या.

"मी मराठी शाळेत शिकवते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासतेय. लक्ष नसलं की मूल वाकडंतिकडं लिहितं. यांची ओळ बघा, सरळ आहे. लक्ष आहे यांचं. हातच चालत नाही."

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या लक्ष्मीकांतरावांचे मनगट धरून हळूच फिरवले. ते अडत अडत, झटके खात वळले.

"काका, लिहिताना काय होतं?"

ते सपाट आवाजात म्हणाले, "मला मोठं काढायचं असतं. हात ऐकत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. सगळे आवाजांचंच विचारत होते."

प्रेमलाबाईंनी मान फिरवली. त्यांनीही कधी विचारले नव्हते.

"हा आजार नाही, गोळ्यांचा ताठरपणा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डोस वाढवायचा नाही, उतरवायचा. पण जपून. दर मंगळवारी या. कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहून घेऊ."

वाक्य लक्ष्मीकांतरावांनीच सुचवले: 'बडोदा स्टेशनवर गाडी वेळेवर आली.' दर मंगळवारी ते लिहीत आणि डॉक्टर पट्टीने अक्षरांची उंची मोजत. अक्षर वाढत गेले. चौथ्या आठवड्यात एका ओळीत न मावता 'आली' खाली उतरले, तेव्हा लक्ष्मीकांतराव किंचित हसले. घरी येताना लहरीपुऱ्याच्या बाजारातून ते बायकोच्या पुढे चालत होते.

सहाव्या मंगळवारी अक्षर जुन्यासारखे आले. पण 'वेळेवर' हा शब्द त्यांनी खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. कागद फाटला.

"काय झालं हो?" प्रेमलाबाईंनी विचारले.

"चूक आहे म्हणतोय."

कोण, ते विचारावे लागले नाही. अर्धी गोळी परत वाढली. आवाज दूर गेला, अक्षर थोडे आक्रसले. आणखी दोनदा कमीजास्त करून डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. "इथं थांबू, काका. पूर्वीचा हात येणार नाही. पण हा तुमच्याजवळ राहील."

इकडे लक्ष्मीकांतरावांची आजारपणाची रजा संपत आली होती. कामावर या, नाही तर तपासणी होऊन घरी बसावे लागेल, असे ऑफिसचे पत्र आले. प्रेमलाबाईंना वाटे, अजून महिनाभर मागून घ्यावा, कोण जाणे, हात सुधारेलही.

रविवारी सकाळी त्या देवपूजा आटोपून आल्या तर लक्ष्मीकांतराव अर्ज लिहीत होते. त्या मागे उभ्या राहून वाचू लागल्या. नकाशावर लिहिण्याचे काम माझ्याच्याने आता होणार नाही, तरी मला नकाशांच्या रेकॉर्ड रूममध्ये घ्यावे. कारण : मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी हात जड होतो आणि गोळ्या सोडता येत नाहीत.

"अहो, असं कशाला?" त्या कळवळून म्हणाल्या. "डोळ्यांचं लिहा. नजर कमी झाली म्हणावं. ऑफिसभर बोभाटा होईल."

"डोळे चांगले आहेत माझे."

"पण लोक..."

"प्रेमला, बावीस वर्षं नकाशावर खोटा आकडा लिहिला नाही मी."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याची एक कड बोटांनी दाबून धरली. लक्ष्मीकांतराव सहीला लागले. सावकाश, एकेक अक्षर थांबून, शेवटच्या वेलांटीपर्यंत.