अविवाहित असल्याचा दाखला

"तुझं तर लगीन झालेलं हाय की," ग्रामसेवक म्हणाला आणि त्यानं काँप्युटरचं तोंड वाल्मीककडं फिरवलं.

पडद्यावर वाल्मीकचाच फोटो होता. पाच वर्षांपूर्वीचा, दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला. खाली कुटुंबप्रमुख म्हणून त्याचं नाव, त्याच्या खाली पत्नी पंकजा आणि तिच्या खाली मुलगी भक्ती.

पंकजा ही वाल्मीकच्या मेलेल्या थोरल्या भावाची, शिवशंकरची बायको. भक्ती त्याची पुतणी. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, आणि ग्रामसेवक हरिओम तर याच गावात सात वर्षं काढून बसलेला. पण गावाला ठाऊक असणं निराळं आणि काँप्युटरला ठाऊक असणं निराळं.

"भाऊसाहेब, तुमीच लिवलंवतं हे," वाल्मीक म्हणाला.

हरिओमनं नाही म्हटलं नाही. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. ऊसतोड मजुरांची ओळखपत्रं काढायचा हुकूम आला तेव्हा तो आश्रुबा मुकादमाच्या ओट्यावर बसला होता. मुकादमानं आपली वही उघडली आणि हरिओमनं ती उतरवून घेतली. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. शिवशंकर गेला तेव्हा घरात म्हातारी पारूबाई, बारक्या पोरीसह विधवा भावजय आणि बिनलग्नाचा वाल्मीक, एवढीच माणसं उरली. वाल्मीक आणि पंकजा, दोघांचा मिळून एक कोयता झाला. चार हंगाम दोघांनी एकत्र ऊस तोडला. ती खोपीत भक्तीला घेऊन झोपायची, हा बाहेर ट्रॉलीखाली. डिसेंबरातल्या थंडीत दात वाजायचे, पण गड्यानं खोपीच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. वहीत हे कुठं लिहायचं?

आणि आता वाल्मीकला दाखला पाहिजे होता अविवाहित असल्याचा. तोही इथल्यासाठी नाही, थायलंडसाठी.

तिचं नाव नोई. उसाच्या चार हंगामांनंतर वाल्मीक दुबईला गेला, एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला. समोरच्या टेबलावर नोई चादरींना इस्त्री करायची. दोन महिने दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. एक दिवस तिनं त्याचे हात बघितले. उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा मनगटापासून कोपरापर्यंत. तिनं बाही वर केली. तिच्याही हातावर तशाच. तिच्या गावाकडंही ऊसच. बाप आयुष्यभर लोकांचा ऊस तोडून मेला होता. बस्स, तिथून सुरू झालं ते.

पुढं पारूबाईच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून वाल्मीकला परत यावं लागलं, आणि चार महिन्यांनी नोईच्या आईचं अर्धं अंग गेलं म्हणून तीही परतली. दीड वर्ष झालं, सगळा संसार फोनवर. वाल्मीकनं जिंतूरला इस्त्रीचं दुकान टाकलं. दुपारी साडेबाराला गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा तिच्याकडं दोन वाजलेले असायचे आणि आईला भरवून ती मोकळी झालेली असायची. मग फोन. भाषा म्हणाल तर दुबईतली मोडकीतोडकी हिंदी. जिथं हिंदी संपायची तिथं फोनमधलं भाषांतर, आणि ते अशी काही भलती मराठी काढायचं की वाल्मीक एकटाच इस्त्री धरून हसत सुटायचा. रोज पहिला प्रश्न एकच, "खाना हो गया?" तिच्याकडं माणसं भेटली की हेच विचारतात म्हणे. वाल्मीकला त्याचं फार बरं वाटायचं. आपल्याकडं तरी दुसरं काय विचारतात? एकदा तिनं पाठवलेला मलमाचा आणि सुक्या आंब्याचा डबा सव्वीस दिवसांनी आला, तोही फोडून परत चिकटवलेला. यानं तिळाचे लाडू पाठवले ते पोहोचलेच नाहीत. मग दोघांनी पार्सलचा नाद सोडला.

ठरलं ते असं, की वाल्मीकनं तिकडं जायचं. इथं म्हातारीपाशी पंकजा होती, नोईच्या आईपाशी मात्र दुसरं कुणी नव्हतं. घराला लागून एक खोली होती, तिथं दोघांनी लाँड्री टाकायची. त्यासाठी तिकडच्या कचेरीत लग्नाची नोंद हवी, आणि नोंदीसाठी हा माणूस इकडं कुणाचा नवरा नाही असा सरकारी कागद हवा. बाकी सगळे कागद वाल्मीकनं गोळा केले होते. हा एकच राहिला होता, आणि जानेवारी संपत आलेला. वाल्मीक येणार नसेल तर नोईला तैवानच्या कारखान्यात जायचं होतं, तीन वर्षांच्या करारावर. आईला मग परगावी दिलेल्या बहिणीकडं ठेवायची. एजंटानं महिनाअखेरीपर्यंतच मुदत दिली होती. तिचं वय सदतीस, पुढच्या वर्षी तो तिला घेणार नव्हता.

"दुरुस्त करा ना मंग," वाल्मीक म्हणाला.

हरिओमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुरुस्ती होते, तो म्हणाला. पंकजानं तहसीलमध्ये शपथपत्र द्यायचं की हा माझा नवरा नाही. ते आलं की तो ओळखपत्र रद्द करणार आणि दाखला देणार, दोन दिवसांत. पण ओळखपत्र रद्द झालं की भक्तीचं काय? परभणीला ऊसतोड मजुरांच्या मुलींच्या वसतिगृहात तिची जागा याच ओळखपत्रावर होती, बाप म्हणून वाल्मीकचं नाव लावून. चौकशी लागणार, पोरीला बाहेर काढणार, आणि ही लबाडी कुणी केली म्हणून सगळ्यांना ओळीनं उभं करणार.

"माजीबी सही हाय त्याच्यावर. माजं ऱ्हाऊ दे, मी बघीन," हरिओम म्हणाला. "पोरगी अकरावीला हाय ना? बारावी होऊ दे. दीड वर्स थांबता येत न्हाई का?"

वाल्मीक आपले कागद गोळा करून उठला.

घरी आल्यावर त्यानं पंकजाला सगळं सांगितलं. चुलीपुढं बसून ती भाकरी थापत होती. ऐकताना तिचा हात एकदाही थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून ती म्हणाली, की उद्याच जाऊ तहसीलला, त्यात काय एवढं. भक्तीचं बघता येईल, तिच्या मामाकडं ठेवू, नाही तर खोली करून देऊ. कुठली खोली आणि कुठला मामा! मामानं चार वर्षांत यांचा उंबरा ओलांडला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. खाटेवरून पारूबाई म्हणाली, "जाऊ दे त्याला. माज्या हाडापायी आला ते आला. आता तरी त्याला त्याचं घर होऊ दे." म्हातारीनं नोईला फोनमध्ये पाहिलं होतं. नाक बसकं आहे पण पोरगी कामाची दिसते, असा निकाल देऊन ती मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वाल्मीक आणि पंकजा जिंतूरला गेले. तहसीलच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टंकलेखकांची टेबलं होती. त्यातल्या एकानं आधी पंकजाकडं पाहिलं, मग वाल्मीककडं, आणि फारकत आहे का म्हणून विचारलं. वाल्मीकनं समजावून सांगितलं. टंकलेखक हुशार माणूस. असले कागद त्यानं ढिगानं केले असणार. पाच मिनिटांत कागद निघाला.

पंकजा सातवी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून ती हळूहळू वाचायची, आणि वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही. मेलेल्या नवऱ्यानं तिला तेवढं एक शिकवून ठेवलं होतं. ती झाडाच्या पारावर बसून वाचायला लागली. वाल्मीक तिच्या खांद्यावरून वाचत होता. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वाल्मीक हे माझे पती नाहीत. आमचा विवाह झालेला नाही. ऊसतोडीच्या चार हंगामांत मी त्यांच्यासोबत पत्नी म्हणून एकत्र राहत होते.'

'पत्नी म्हणून एकत्र' इथं तिचं बोट थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं.

मग ती म्हणाली, "सही कुठं करू, भाऊजी?"

वाल्मीकला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं बोट दिसत होतं. चार वर्षं लोकांनी आडून बोलायचं ते बोलून घेतलं होतं. हातपंपावर बाया तिला बघून गप्प व्हायच्या. बाईनं मान वर करून ते सगळं पचवलं, कारण ते नुसतं बोलणं होतं. आज ती स्वतःच्या हातानं ते लिहून देणार होती, शिक्क्यासकट. हा कागद तहसीलमधून पंचायतीत जाणार, पंचायतीतून वसतिगृहात. तिथली कुणी बाई भक्तीला समोर बसवून वाचून दाखवणार, की बघ, तुझी आई काय लिहून देते.

त्यानं टंकलेखकाला विचारलं, ती एक ओळ काढता येईल का? टंकलेखक म्हणाला, ओळ काढली तर ओळखपत्रात नाव कसं आलं याचं कारण राहत नाही, साहेब कागद माघारी देतील. त्याचंही काही चुकत नव्हतं. या सगळ्यात कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि वाल्मीकला त्याचाच संताप आला. एखादा तरी लबाड भेटायला हवा होता, त्याची गचांडी तरी धरता आली असती.

त्यानं पंकजाच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. "चला वैनी. घरी जाऊ."

"माज्यापायी नका थांबू," पंकजा म्हणाली. "मला काय व्हायचं ते होऊन गेलं. तुमी ट्रॉलीखाली झोपलाव चार वर्सं. मला ठावं हाय, देवाला ठावं हाय. आनखी कुनाला कळायला पायजे?"

"तुमच्यापायी न्हाई," वाल्मीक म्हणाला. "भक्तीची बारावी होऊ द्या."

दोघं चालत निघाले. स्टँडवर आले तेव्हा गावाकडं जाणारी येलदरीची गाडी लागायला अजून अर्धा तास होता. बाकावर एका अंगाला एक म्हातारा पिशवी उशाला घेऊन पडला होता, दुसऱ्या अंगाला हे दोघं बसले. साडेबारा वाजले आणि फोन वाजला. उठून बाजूला जावं असं वाल्मीकच्या मनात आलं, पण तो उठला नाही. त्यानं तिथंच फोन घेतला, पडद्यावर नोईचा चेहरा आला.

नोईनं विचारलं, "खाना हो गया?" तो हो म्हणाला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. पेपर नहीं मिला, तो म्हणाला. का, हे सांगताना त्याची हिंदी संपली. फोनमधल्या भाषांतराला त्यानं हातही लावला नाही. या गोष्टीची त्याला थट्टा व्हायला नको होती. जेवढे शब्द होते तेवढ्यांत त्यानं सांगितलं. भाई का बीवी. गन्ना. दो आदमी, एक नाम. लडकी का स्कूल.

नोई ऐकत राहिली. उसाच्या मुलखातलीच ती, तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं एवढंच विचारलं, की पोरीची शाळा किती वर्षं. तो म्हणाला, दीड. तिनं मान हलवली. तिची तैवानची तीन. दोघांनी मनातल्या मनात तेवढाच हिशेब केला असणार. तिचे डोळे भरून आले, पण तिनं त्याला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं वाल्मीकला वाटलं.

"लडकी को पढ़ाओ," ती म्हणाली. "मैं जाएगा."

मग तिनं फोन फिरवला. खाटेवर तिची आई बसली होती, पाठीला दोन उशा लावलेली. नोई तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. म्हातारीनं फोनकडं पाहिलं. दोन्ही हात जोडायची त्यांच्यात रीत, पण तिचा एकच हात चालत होता. तो तिनं सावकाश उचलून छातीशी आणला आणि मान खाली घातली.

वाल्मीकनं फोन मांडीवरच्या पिशवीला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात जोडले. बाकावरचा म्हातारा मान वळवून बघायला लागला. शेजारी पंकजानं डोईवरचा पदर सारखा केला, फोनमध्ये दिसेल एवढी पुढं सरकली, आणि घरी आलेल्या विहिणीला करावा तसा वाकून नमस्कार केला.