मालक शेवटी जेवतो

नशिराबादजवळ आमचा केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे. दर हिवाळ्यात कामगारांना मळ्यावर भरीत पार्टी असते आणि माझा नवरा हितेंद्र तिथे माईक धरून धंद्यात मोठं होण्याची तत्त्वं सांगतो. पहिलं तत्त्व, मालकाने सगळ्यांच्या शेवटी जेवावं. पंगती उठेपर्यंत हा आंब्याखाली हात बांधून उभा असतो आणि मॅनेजर त्याचा व्हिडिओ काढतो.

घरून निघताना याने कळण्याच्या दोन भाकरी हाणलेल्या असतात. मीच वाढते ना!

यंदा माणसं वाढली आणि भरीत संपलं. सकाळपासून चुलीपाशी बसून वांगी भाजणारी, ठेचणारी बेबाबाई तेवढी जेवायची राहिली होती. तिने आपल्यापुरतं काढून ठेवलेलं ताट उचलून याच्यापुढे धरलं.

"भाऊ, तुम्ही आमच्यासाठी उपाशी राह्यले. हे तुम्ही घ्या."

मला वाटलं, निदान आता तरी लाजेल. कसला लाजतोय! मांडी घालून बसला आणि शेवटच्या पुरीने ताट पुसूनच उठला. ढेकर दिली, माईक घेतला आणि दुसरं तत्त्व सांगितलं, "अन्न कधी वाया घालवायचं नाही."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी बेबाबाईची होती.