जावयाने न विचारलेला प्रश्न

आमच्या घरात वाद घालायला विषय लागत नाही. त्या रविवारी मात्र विषय होता, आणि तो टेबलाच्या टोकाला बसून मुकाट्याने सफरचंद सोलत होता. विषय म्हणजे माझा नवरा.

तो क्रेन चालवतो. म्हणजे चालवायचा. बांधकामावरच्या उंच क्रेनची शिडी उतरताना त्याचा पाय घसरला, पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या पाठ सांधली तरी सुटेनात. शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. सोमवारी त्याची कामावरची वैद्यकीय तपासणी होती. लघवीत औषधाचा अंश सापडला नाही तर क्रेन परत मिळणार होती. सापडला तर नोकरी जाणार होती, आणि मीही जाणार होते. हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. मुलगी आधीच माझ्या माहेरी सुट्टीला गेली होती, म्हणजे फक्त माझीच बॅग भरायची राहिली होती.

जेवणं उरकली होती. नणंद आणि तिचे यजमान आले होते. नणंदेचं औषधांचं दुकान आहे, तिला मी ताई म्हणते. यजमान हाडांचे डॉक्टर. नवरा त्यांना दाजी म्हणतो म्हणून मीही दाजी म्हणते. सासूबाई, म्हणजे आई, आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता दोन्ही गुडघे झिजलेत आणि ऑपरेशनची तारीख मिळत नाही.

"आम्हाला जे सांगितलं गेलं तेच आम्ही लिहिलं," दाजी सांगत होते. "औषध कंपन्यांची माणसं गुळगुळीत कागद घेऊन यायची. ज्याला खरं दुखणं आहे त्याला सवय लागत नाही म्हणायची. याचं ऑपरेशन काही मी केलं नव्हतं, पण माझ्याकडे आला असता तर मीही तेच दिलं असतं."

"आणि तुम्ही डॉक्टर लोकांनी माना डोलावल्या," ताई म्हणाली. "चार दिवसांच्या दुखण्याला महिन्याच्या गोळ्या."

"त्या महिन्याच्या गोळ्या विकल्या कुणी?"

"चिठ्ठी तुमची, सही तुमची. मी काय हातगाडीवर विकते?"

हे दोघं भांडायला लागले की मला बरं वाटतं, निदान माझ्याकडे कुणी बघत नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासते. दिवसभर तयार कपडा उलटा करायचा आणि टाका कुठे सुटलाय ते बघायचं. त्यामुळे कुणी फार सफाईदार बोलायला लागलं की मला आतली बाजू बघावीशी वाटते. या दोघांची आतली बाजू एवढीच होती की कुणालाही गुन्हेगार व्हायचं नव्हतं.

"सगळा मनाचा दुबळेपणा," आई म्हणाल्या. "कंपनी नाही अन् डॉक्टर नाही. माझे गुडघे बघा. मी कधी कुरकुर केली?"

"ज्याचं जळतं त्याला कळतं, आई," दाजी म्हणाले.

"मग माझं काय जळत नाही?"

यावर दाजींनी माघार घेतली. सासूपुढे ते नेहमीच घेतात. एरवी रोग्याला आडवं पाडून त्याचे पाय पिळणारा हा माणूस सासूच्या गुडघ्याला कधी हात लावत नाही. त्यांना ते अवघड वाटतं आणि आईंनाही. आईंचे उपचार फोनवर चालतात. "आई, अजून दुखतंय का?" "दुखतंय." मग ते गोळी वाढवून लिहितात आणि ताई दुकानातून पाठवते. गोळीची जातकुळी तीच, माझ्या नवऱ्याला बाधलेली. पण आईंच्या कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली चष्म्याच्या दोरीला बांधून गळ्यात असते. शिवाय आई खोटं बोलत नाहीत. हे सगळं बघून आम्ही निर्धास्त झालो होतो.

"तू सांग ना," ताई भावाला म्हणाली. "तुझ्या मते चूक कुणाची?"

"चिरलेलं खाणार का कुणी?" त्याने विचारलं आणि सफरचंदाच्या फोडी पुढे सरकवल्या.

आई पाण्याचा जग आणायला उठल्या. उठता उठता टेबलाची कड धरून मध्येच थांबल्या. तोंडातून आवाज निघाला तो त्यांनी खोकल्यात लपवला, पण दाजींनी ऐकला. त्यांनी हातातली फोड खाली ठेवली.

"आई, मागच्याच आठवड्यात गोळी वाढवली ना मी?"

"हो."

"आणि तरी एवढं दुखतंय?"

"दुखतंय."

"दिवसा झोप येते? गरगरतं?"

"छे. मला कसली दिवसा झोप?"

दाजींनी घसा साफ केला. मग आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवून शेवटी मिठाच्या बाटलीकडे बघत त्यांनी विचारलं, "पोट साफ होतं का?"

ताईला हसू फुटलं. मलाही. लग्नाला इतकी वर्षं होऊन जावयाने सासूला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"रोज सकाळी, घड्याळ लावून घ्यावं असं," आई ताठ मानेने म्हणाल्या.

दाजी मात्र हसले नाहीत. "एवढ्या गोळीवर ते शक्य नाही," ते म्हणाले. "ही गोळी घेणाऱ्याला आधी बद्धकोष्ठ होतं. दुसरं काही होवो न होवो, हे होतंच."

माझं हसू तिथेच थांबलं. कारण आमच्या घरात पोट कुणाचं साफ होत नव्हतं हे मला ठाऊक होतं. सकाळी तो संडासात गेला की मुलगी दारावर थापा मारून थकायची. केंद्रातल्या जेवणाने बिघडलंय, म्हणायचा. मी त्याला उठल्यावर कोमट पाणी देत होते, फळं आणत होते. ते सफरचंदही त्याच्यासाठीच आणलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने सुरी पुसायला घेतली.

"आई, गोळ्या तुम्ही घेता ना?" दाजींनी विचारलं.

"घेते असं मी कधी म्हटलं? तुम्ही दुखतंय का विचारलंत. दुखतंय म्हणून सांगितलं. त्यात खोटं काय?"

"आई!" ताई ओरडली. "त्याला दिल्यास?"

"मी उतरवत आणणार होते," आई म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता, पण हात टेबलावरून सुटत नव्हता. "केंद्रातून आला तेव्हा अंगाला कापरं सुटायचं त्याच्या, गादीवर तळमळायचा. मला बघवेना. म्हटलं, रोज थोडी थोडी कमी करत शून्यावर आणू. मी ढ पोरांना अपूर्णांक शिकवलेत, हे काय अवघड?"

"मग वाढली कशी?" दाजींनी विचारलं.

"तो मागायचा," आई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

कुंपणच शेत खात होतं आणि आम्ही वाऱ्यावर काठ्या मारत होतो. दाजींनी लिहिल्या, ताईने दिल्या, आईंनी कुलूप उघडलं, मी कोमट पाणी पाजलं. कंपनीच्या माणसाला आमच्या टेबलाशी खुर्ची द्यायचीसुद्धा गरज नव्हती. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"पाठ केव्हाच बरी झाली," नवरा म्हणाला. सफरचंदाचं सोडून तो पहिल्यांदाच बोलला. "शिडी बघितली की पुन्हा घसरतोय असं वाटतं. गोळी घेतली की वाटत नाही. क्रेनवाल्याने उंचीला घाबरतो म्हणून कुणाला सांगायचं?"

दाजींनी आईंच्या गळ्यातली किल्ली मागून घेतली आणि मला दिली. मी कपाटातून गोळ्यांची डबी आणली. ताईने गोळी चष्म्याजवळ धरून पाहिली.

"ही मोडली तरी चालते," ती म्हणाली.

"मग अर्धीच," दाजी म्हणाले. "आईंनी आजवर एकही घेतलेली नाही. अख्खी झेपणार नाही. मी थांबतो इथेच."

"मला नको," आई म्हणाल्या. "मला सवय लागली म्हणजे?"

"आई, गिळा," मी म्हटलं. सासूशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी गिळली.

उरलेली अर्धी माझ्या तळहातावर होती. नवरा आईंकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

"तेवढी अर्धी..." तो म्हणाला. सगळ्यांसमोर, हळू, पाहुण्याने मीठ मागावं तसं. "उद्यापासून नाही. शपथ."

आणि आईंचा हात, आत्ताच आपल्या गुडघ्यावर ठेवलेला हात, माझ्याकडे पुढे आला. गोळी घेऊन त्याला द्यायला. त्यांना ते कळलंही नसावं. मी मूठ मिटली आणि ती गोळी ताईच्या हातात दिली. ताईने ती रुमालात बांधून डबीसकट पर्समध्ये टाकली. नवऱ्याने मला एक शिवी दिली. आजवर कधी दिली नव्हती.

मग आम्ही वाट बघत बसलो. दाजी अधूनमधून आईंची नाडी बघत होते. सासूचा हात धरून बसायचं अवघडलेपण त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण सोडत नव्हते.

आईंचे खांदे आधी खाली आले. मग कपाळावरची आठी गेली. ती आठी मी लग्न झाल्यापासून बघत आले होते आणि ती त्यांच्या स्वभावाची आहे असं समजत होते. त्या खुर्चीतच झोपल्या, तोंड थोडं उघडं टाकून, लहान मुलीसारख्या.

नवरा उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"एवढं दुखत होतं तिला?" त्याने विचारलं.

दाजींनी होकारार्थी मान हलवली. नवऱ्याने खिशातून फोन काढला आणि साइटवरच्या साहेबांना सांगितलं की उद्या तपासणीला येणार नाही, आलो तरी नापासच होईन, आणि वर चढायला मी घाबरतो. शेवटचं वाक्य त्याला पुन्हा सांगावं लागलं, पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"केंद्रात सोडशील?"

माझा राग गेला नव्हता. माहेरी जायचं की नाही तेही ठरलं नव्हतं. पण मी गाडीची किल्ली घेतली, कारण तो आत्ता निघाला नसता तर आई जाग्या झाल्यावर त्याने पुन्हा मागितली असती, आणि त्यांनी आपल्या वाट्याची काढून दिली असती.