गळा कोणाचा साफ होतोय?

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी आज दुकान उघडलंच नाही. मुलीची मुलाखत होती, डेव्हऑप्सच्या पहिल्या नोकरीची, घरूनच कॅमेऱ्यासमोर. तिच्या कॉम्प्युटर क्लासचे सर सकाळीच एका बाईला घेऊन आले आणि बाबांच्या मनात पाल चुकचुकली. मुलगी कॅमेऱ्यासमोर बसलेली, अन् ती बाई मात्र मोरीत कोमट पाण्याच्या गुळण्या करत होती.

“मुलाखत हिची, मग गळा त्यांचा का साफ होतोय?” बाबांनी आईला विचारलं.

“अहो, हळू! सगळी मुलं असंच करतात म्हणे.”

सगळी करतात! एवढ्याशा आधारावर किती घरांत खोटं बिनबोभाट शिरलं असेल? कंपन्यांनी जाहिरात द्यायची “नवशिके हवेत” आणि खाली मागायचा तीन वर्षांचा अनुभव. मग क्लासवाल्यांनी तो कागदावर रचायचा, उत्तरंही दुसऱ्याच्या तोंडून द्यायची. मरण मात्र पोरांचं.

बाबांनी अर्ज उचलून डोळ्याला भिंग लावलं. “तीन वर्षं नोकरी? तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस की!”

“बाबा, आता नको ना.”

“बरं, काम काय असतं ते तरी सांग.”

“प्रोग्राममध्ये केलेला बदल सर्व्हरवर चढवायचा, लोकांचं काही अडू न देता. बिघडलं तर आधी जुनं, चालत होतं ते परत आणायचं.”

“आणि बिघडेल त्या दिवशी निस्तरणार कोण? ह्या बाई?”

तेवढ्यात मुलाखत सुरू झाली. बाई कॅमेऱ्याआड माइक धरून बोलत, मुलगी नुसते ओठ हलवी. दारात बाबा डोळे फाडून बघत होते. तिला ती नजर सोसेना.

“तुमच्या हातून कधी सर्व्हर बंद पडलाय?” समोरून प्रश्न आला.

बाई रचलेला किस्सा घडाघडा सांगू लागल्या. मुलीने तोंड मिटलं. आवाज चालूच राहिला.

“हा आवाज माझा नाही,” मुलगी म्हणाली. “ती तीन वर्षंही माझी नाहीत. सहा महिने क्लासमध्ये शिकलेय. घरी सराव करताना अकरा वेळा सर्व्हर पाडलाय, अकराही वेळा उभा केलाय. त्यातलं काहीही विचारा.”

समोरच्यांनी कॉल तोडला, स्क्रीन काळी झाली.

“क्लासचं नाव बुडवलंस!” सर वायर गुंडाळत ओरडले. “बघतोच तुला कोण नोकरी देतं ते. चला हो बाई.”

बाई हलल्या नाहीत. सर एकटेच तणतणत गेले.

“एवढं येतं, तर तुम्हीच का नाही नोकरी करत?” बाबांचा संशय अजून फिटला नव्हता.

“लग्नानंतर दहा वर्षं घरी होते. अनुभव नाही म्हणून कोणी बोलावलंच नाही.” त्यांनी हातातला माइक खाली ठेवला. “चाळीस जणींना नोकरीला लावलं हो. माझी मुलाखत अजून व्हायचीय.”

मुलीला राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. तिने अर्जातली तीन वर्षं खोडून “अनुभव नाही” असं लिहिलं. मग दुसरा, कोरा अर्ज घेतला आणि बाईंना त्यांचं नाव विचारलं. सकाळपासून ते कोणीच विचारलं नव्हतं.

वाचकहो, नोकरी देणं तुमच्या हातात असेल, तर उद्या हे दोन अर्ज तुमच्या टेबलावर येतील. “अनुभव नाही” या ओळीच्या पुढे वाचाल ना?