शेळीच्या पोटाखालून

मित्रांनो, मी दगडाची शेळी आहे, पाच बहिणींतली थोरली. ग्वांगझौ शहराच्या जुन्या गल्लीतल्या लहानशा देवळात उभी आहे. या शहराला लोक शेळ्यांचं शहर म्हणतात, ते आमच्यामुळे. तांदळाच्या गोण्यांवर, होड्यांच्या शिडांवर, चहाच्या पेट्यांवर आम्हा पाच जणींचाच शिक्का असतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला कुणी साधीसुधी समजायला नको.

फार पूर्वी इथे नुसता चिखल होता आणि उपाशी माणसं होती. पाच म्हातारे देव आमच्या पाठीवर बसून आले. आमच्या प्रत्येकीच्या तोंडात भाताची लोंबी होती. देवांनी ती माणसांना दिली, "इथे कुणी उपाशी राहू नये," असं म्हणाले आणि ढगांत निघून गेले. आम्हाला न्यायचं विसरले. म्हातारेच ते! आम्ही वाट बघत राहिलो आणि उभ्या उभ्या दगड झालो. मग माणसांनी आमच्या पाठींवर दोन लांब शिळा टाकल्या आणि त्यांवर देवांच्या मूर्ती बसवल्या. दोन्ही शिळांचा सांधा माझ्या पाठीवर आला. थोरलीच्या नाही तर कुणाच्या येणार?

तेव्हापासून इथे दोन रीती आहेत. नवा भात घरात आला की गल्लीतली लेकरं तोंडात लोंबी धरून एकामागून एक माझ्या पोटाखालून रांगत जातात. जो खालून गेला त्याला जन्मभर भात कमी पडत नाही, असं म्हणतात. त्यांची डोकी घासून घासून माझं पोट गुळगुळीत झालं आहे. ही रीत मला आवडते.

दुसरी रीत तापाची. घरात कुणी तापलं की माझा डावा पुढचा पाय सुरीने खरवडायचा आणि ती भुकटी पेजेतून पाजायची. मी माणसांना तांदूळ आणून दिला आणि माणसांनी मलाच पेजेत घातलं! खरवडणारी आई आधी माझ्या पाया पडत असे, म्हणून मला धड रागावताही येत नसे. पण मुसळाएवढा माझा पाय झिजून लाटण्याएवढा झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येकीने फक्त चिमूटभरच नेलं होतं ना!

देवळाची राखण काऊ-पोकडे होती. काऊ-पो म्हणजे नववी आजी. साऱ्या गल्लीला तिच्या जिभेचा धाक. एका वर्षी नव्या भाताच्या आधी मॅक पाथरवट देवळातली अक्षरं कोरायला आला. त्याने हातोडीच्या दांड्याने माझा पाय वाजवून पाहिला आणि हातोडी खाली ठेवली.

"काऊ-पो, हा पाय गेलाय. यंदा लेकरांना खालून सोडू नका."

"तुझ्या बापाने माझी चूल मांडली होती, ती तिसऱ्या दिवशी कलली. आणि तू मला दगड शिकवतोस?"

"चूल कलली तर पेज सांडते, आजी. ही शिळा आहे."

"शेळी पडेल म्हणतोस? अरे, हे शहर तिच्यावर उभं आहे. जीभ आवर."

पण तिला सगळं ठाऊक होतं. त्याच वसंतात तिची नात आ-येन तापली होती, तेव्हा तीन दिवस तिनेच मला खरवडलं होतं. पाय गेला म्हणायचं, तर तो कुणी घालवला तेही म्हणावं लागलं असतं. अशा बायका मला ठाऊक आहेत. मीही तसलीच.

नव्या भाताचा दिवस उजाडला. लेकरांची रांग लागली. पहिली आ-येन. ती रांगत माझ्या पोटाखाली शिरली, आणि माझ्या पायात आतून 'कट' झालं. मला ओरडता येईना, पाय रोवता येईना. दोन शिळा आणि पाच देव माझ्या पाठीवर. नुसती चिमूटभर पांढरी भुकटी पोरीच्या काळ्या केसांवर पडली.

ती भुकटी काऊ-पोएवढी कुणाच्या ओळखीची होती? तिने झडप घातली आणि पोरीला तंगड्या धरून ओढलं.

"आजी, माझी लोंबी!"

"मेली तुझी लोंबी!"

आणि माझा पाय मोडला. दोन्ही शिळा खाली आल्या. लोंबी त्यांच्याखाली राहिली.

कुणीतरी पुटपुटलं, "शेळी पडली. आता दुष्काळ पडणार."

काऊ-पो नातीला छातीशी धरून म्हणाली, "पडली नाही. आपण खाल्ली तिला. सगळ्यांत जास्त मी."

मॅकने मला नवा पाय बसवला आणि शिळा पुन्हा चढवल्या. काऊ-पो माझ्यासमोर तिवई टाकून, केरसुणी घेऊन बसू लागली. सुरी घेऊन आलेल्यांना ती हाकलून लावी. "पोरीला पेज पाज, दगड कसला पाजतेस? वैद्याचं दार काय वाघाने अडवलंय?" दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही.

आज सकाळी तिवई रिकामी आहे. काऊ-पो तापाने फणफणली आहे. वैद्याचा काढा ती थुंकून टाकते. तिची सून साऊ-हो सुरी घेऊन आली आहे. डोळे सुजलेले. मॅकने बसवलेला पाय तिने बघितलाही नाही. नव्या दगडाने ताप उतरत नाही म्हणतात. ती माझ्या उजव्या पायाशी बसली.

आ-येन म्हणाली, "आजी ओरडेल."

"ओरडायला ती आधी उठायला हवी ना गं!"

कर्र. कर्र.

या पायालाही जुन्या सुऱ्यांच्या खाचा आहेत. आणि नवा भात आठ दिवसांवर आला आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं काही जुनं उभं असेल. त्याला हात जोडा, पण त्याचा चिमूटभरही तुकडा नेऊ नका. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. साऊ-होला कुणीतरी सांगा, सासूला तो काढाच पुन्हा पाज, हवं तर नाक दाबून पाज, पण ही सुरी खाली ठेव. लवकर सांगा. भुकटी सांडू नये म्हणून आ-येन वाटी घेऊन माझ्या पोटाखाली बसली आहे.