खुणेची उशी

मी एक उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, गुडघ्यांखालची. माझ्यावर कुणी झोपत नाही; झोपलंच तर प्रार्थना फार लांबली म्हणून.

पडदे शिवणाऱ्या एका बाईने मला शिवलं. हिरव्या जाड पडद्याचा उरलेला तुकडा, आत जुन्या गादीचा कापूस, कडेला दुहेरी शिवण. नवरा गेल्यावर त्या घरात ती आणि तिची लेक, दोघीच उरल्या होत्या. त्यांच्या पुढच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतली माणसं प्रार्थनेला जमत. शिलाई मशीन भिंतीला सरकवायचं, मला मधोमध ठेवायचं आणि ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची त्याने माझ्यावर गुडघे टेकायचे, अशी रीत होती.

प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात. मला पापण्याच नाहीत. म्हणून देवाशी बोलताना माणसं आणखी काय काय करतात ते मी पाहिलंय. कुणी घड्याळ बघतं, कुणी शेजारणीच्या नव्या चपला. त्याचं मला काही वाटत नाही. दमलेला माणूस घड्याळ बघणारच. खरेपणा मला गुडघ्यांवरून कळतो. मनापासून बोलणारा स्वतःला विसरतो आणि त्याचा सगळा भार माझ्यावर येतो.

मग एक तरुण येऊ लागला. फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. आवाज मऊ, शब्द गोड आणि डोळ्यांत पाणी हुकमी. बायका म्हणायच्या, "काय तळमळ आहे हो भाऊंची!" माझ्यावर मात्र त्याचा एकच गुडघा टेके, तोही गिऱ्हाइकाला गादी दाबून दाखवावी तसा.

त्याने लेकीला मागणी घातली. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "आई, परवा त्याने आपल्या दुकानातल्या हमालाला काय शिव्या घातल्या! मी दारातच उभी होते. मला बघितलं आणि लगेच म्हणाला, 'प्रभूची स्तुती असो.' त्याच तोंडाने गं!"

"दमतो माणूस. एवढ्यावरून पारख करायची का?"

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, भाजी निवडत बसली होती. "आणि त्याच्या रडण्याचं काय घेऊन बसलीस, ताई? कांदा चिरताना मीही फार भाविक दिसते."

आई हसली नाही. "तुला सगळ्यांतच खोट दिसते. मी देवालाच विचारते."

पारख हे देवाचं दान आहे, असं तिने ऐकलं होतं. लेकीने दारात उभं राहून जे पाहिलं तेच ते दान असेल, हे काही तिच्या मनात आलं नाही. बायबलात जुन्या काळी कुणी रात्री बाहेर लोकर ठेवली होती आणि ती दवाने भिजते का यावरून देवाची खूण ओळखली होती. तसं तिने मला ठेवायचं ठरवलं. बुधवारी त्याची प्रार्थना झाल्यावर उशी आसवांनी ओली झाली, तर माणूस खरा.

हे तिने प्रार्थनेतल्या बहिणींना सांगितलं. "कुणाला बोलू नका, फक्त प्रार्थना करा." त्यांनी प्रार्थना केली, आणि बोलल्याही. एकीने तर चांगल्या मनाने त्यालाच सांगितलं, "भाऊ, बुधवारी मन अगदी मोकळं करा हं. उशी भिजली पाहिजे."

बुधवारी तो हुंदके देत होता, पण त्या दिवशी डोळ्यांतलं पाणी हुकूम ऐकेना. सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्याने शेजारच्या पाण्याच्या पेल्यात रुमाल बुडवला आणि माझ्यावर दाबला. आसवं कोमट असतात. हे पाणी गार होतं.

आई आधी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि मग मला हात लावायला आली. एवढ्या वेळात आसवंही गार झाली असती. तिने मला छातीशी धरलं. "देवा, तुझे उपकार!"

"आई, खरंच?"

"हात लावून बघ."

लेकीने बघितलं. मी ओलीच होते. देवाच्या शब्दापुढे ती स्वतःचा शब्द कसा ठेवणार?

लग्न झालं. आता जावईबापूच प्रार्थना चालवतात, बायकोचा हात हातात घेऊन. ओठ शांती मागतात आणि तिचं 'आमेन' जरा मागे पडलं की बोटं तिची बोटं पिरगळतात. ती आवाज करत नाही. माझ्यावर गुडघे टेकते तेव्हा भार असा येतच नाही. कधी हाक येईल आणि उठावं लागेल, अशी अधांतरी असते.

"सुखी आहेस ना गं?" आई विचारते. तो शेजारीच उभा असतो.

"हो आई. देवाची कृपा आहे." आवाज मऊ, शब्द गोड. त्याच्याकडूनच शिकली.

आईला ते खरं वाटतं. मावशीला हल्ली बोलावत नाहीत. तिचा विश्वास कमी आहे म्हणे.

आज एक बाई मला मागायला आली. "तुमची ती खुणेची उशी द्याल? आमच्या मुलीलाही स्थळ आलंय." आईने मला कौतुकाने झटकलं आणि पिशवीत घातलं.

बाई, मला काही विचारू नका हो. कापूस कशानेही भिजतो. तुमच्या मुलीला विचारा, तो खोलीत नसताना, आणि ती काय सांगते ते बसून ऐका. या घरातल्या आईलाही कुणीतरी हेच सांगा.

पण ऐकतंय कोण? पिशवीला गाठ मारून झाली. बाई जिना उतरतेय, मनातल्या मनात देवाचे आभार मानत. तिचे आभार मात्र अगदी खरे आहेत.