अण्णांच्या सवडीचा महिना

वॉशिंग मशीननं काम संपल्याची टिंगटिंग केली आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या घराची दुपारची शांतता मोडली. माझ्या लेकीनं, संस्कृतीनं, झोपेत कूस बदलली. ती उठायच्या आत मला फ्रान्सला जायची तारीख पक्की करायची होती.

माझा धाकटा भाऊ शिवराज तिकडं बोर्दोत नोकरी करतो. तिथून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत वाइनचं एक जुनं गाव लागतं, सेंत एमिलिओं. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते पाहायचंय. अण्णांनी वाइनचा थेंब कधी जिभेला लावलेला नाही, पण जालन्याकडं त्यांची द्राक्षबाग आहे. ती सोडून ते दोन रात्री कुठं राहिलेले मला आठवत नाहीत. माझी पाठवणी झाली आणि ते मांडवातून थेट फवारणीला गेले. असा माणूस आपण होऊन "जाऊन येऊ" म्हणाला, तेव्हा मी घाईनं त्यांचा पासपोर्टच काढून घेतला. मन पालटायच्या आत विमानात बसवलेलं बरं.

महिना मीच ठरवला, फेब्रुवारी. यंदा अण्णांनी छाटणी लवकर घेतली होती, त्यामुळं त्यांचा माल जानेवारीतच उतरणार होता. आणि द्राक्षांचा हंगाम कधी असतो, हे बागायतदाराच्या लेकीला कुणी शिकवावं? नवऱ्यानं चिकलठाण्याच्या कंपनीत रजेचा अर्जसुद्धा टाकला.

शिवराजला कळवलं, तर त्यानं गेल्या फेब्रुवारीतला एक फोटो पाठवला. धुक्यात काकडत उभी असलेली नुसती खोडं, औषधाला पान नाही. खाली लिहिलं होतं, 'ताई, इथं तोडणी सप्टेंबरात.'

मग सप्टेंबर. सासूबाईंनी चष्मा लावून कॅलेंडर उलटंसुलटं केलं आणि विचारलं, की ऐन पितृपक्षात वाइनच्या गावाला निघालात, तर पितरांना काय सांगायचं? मी म्हटलं, त्यांनाही घेऊन जाऊ. दिवसभर त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या.

पण खरी अडचण पितरांची नव्हतीच. सप्टेंबरापासून अण्णांची छाटणीची गडबड सुरू होते, आणि तेव्हा ते बागेतून शेजारच्या गावालासुद्धा जात नाहीत. म्हणजे द्राक्षं असतील तेव्हा अण्णा नाहीत, आणि अण्णा असतील तेव्हा द्राक्षं नाहीत. शेवटी आज दुपारी मी त्यांनाच फोन लावला आणि माझी चूक कबूल केली. फेब्रुवारीत तिथं बघण्यासारखं काही नाही, उघडी खोडं आहेत, म्हटलं.

"मग त्येच तर बघायचंय," अण्णा म्हणाले. "पिकलेली बाग काय, कुणीबी दावतं. छाटणी कवा करत्यात ती लोकं?"

मी शिवराजला मेसेज करून विचारलं. हिवाळाभर चालते, फेब्रुवारीतही, असं त्याचं उत्तर आलं. ते ऐकून अण्णा लई खुशीत हसले. हसू ओसरल्यावर जरा हळू बोलले. घराजवळचा बागेचा जुना प्लॉट आता सोळा वर्षांचा झाला, माल कमी देतो. एप्रिलात तो उपटून टाक, असं सगळे सांगतात. पण तिकडं फ्रान्सात म्हणे शंभर-शंभर वर्षांचे वेल फळ देतात.

"त्यांची कात्री कशी चालती, त्ये एकदा डोळ्यानं बघू दे. मग ठरवतो. सप्टेंबरात जाऊन काय करू, तवर उशीर व्हईल."

म्हणजे माझा चुकीचा महिनाच बरोबर निघाला. नवऱ्याचा अर्ज तसाच राहिला, सासूबाईंचे पितर सुटले, आणि मी शिवराजला ऐटीत कळवलं, की ताईनं सगळा विचार करूनच फेब्रुवारी काढला होता.

मागं वळून पाहिलं, तर संस्कृती उठून दाराशी उभी. फोन स्पीकरवर होता. तिनं किती ऐकलं, कोण जाणे. जुन्या प्लॉटमधल्या वेलांच्या मांडवाखाली तिचा झोका आहे. सुट्टीत ती तिथून हलत नाही.

ती डोळे चोळत जवळ आली आणि मांडीवर बसली.

"आई, आजोबांनी तिथली कात्री बघितली, तर आपले वेल नाही ना उपटणार?"